पोटभर आणि पुरेसं

जागा बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरमालकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "भात कसला खाता?" आणि दुसरी, "जीभ जरा दाखवता?"

माझी बदली कराडहून रत्नागिरीच्या कचेरीत झाली होती. बरोबर आई होती, तिचं वय सहासष्ट. राजिवड्याच्या वरच्या अंगाला, भाट्याची खाडी दिसेल अशा उंचीवर चिऱ्याचं एक बैठं घर होतं आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. मालक सत्तरीला टेकलेले. उंच, काटक, पांढरी लुंगी, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी आणि दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. तो चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि वाट बघत उभे राहिले. मी गोंधळून त्यांच्या बायकोकडे पाहिलं.

"दाखव बाय," त्या हसत म्हणाल्या, "नायतर चावी मिळायची नाय."

मी जीभ बाहेर काढली. त्यांनी ती उजेडात नीट पाहिली, ओठांचे कोपरे पाहिले आणि म्हणाले, "ठीक. कधी येताय राहायला?"

पहिल्या आठवड्यात मी त्यांना एकदा भंडारीकाका म्हणाले. आसपासचे सगळे त्यांना भंडारी म्हणायचे, मला वाटलं ते आडनाव असेल. त्यांच्या बायको पदराआड हसू लागल्या. मग कळलं की बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. तीस-बत्तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर स्वयंपाक करत होते. तेव्हापासून मी त्यांना चाचा आणि त्यांच्या बायकोला चाची म्हणू लागले.

चाचांना जगात एकाच गोष्टीची काळजी होती. माणसाच्या पोटात बी जीवनसत्त्व पुरेसं जातंय की नाही, एवढीच. दुसऱ्या कुणाच्या घरी गेल्यावर लोक तब्येत विचारतात, पावसापाण्याचं बोलतात. चाचा विचारायचे, "काल काय जेवलात?" लग्नाच्या पंगतीत ते पांढऱ्याशुभ्र भाताकडे असं पाहायचे की वाढणारा माणूस खाली बघून स्वतःचेच हात तपासायचा. त्यांच्या घरात उकडा तांदूळ शिजायचा, एकाच पाण्यात हलकेच धुतलेला. पेज गाळून टाकायची नाही. कुळथाची पिठी आठवड्यातून तीनदा. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या की त्यांचं तोंड खुलायचं. "एवढ्याशा शिंपीत केवढा बी-ट्वेल्व्ह असतो, ठाऊक हाय?" असं ते मासेवालीलाच सांगायचे, आणि ती म्हणायची, "भंडारी, ता मोजू नको. तिसऱ्या मोज."

बी जीवनसत्त्वं एकूण आठ, हे मला शाळेत कुणी शिकवलं असेल तर मी विसरले होते. चाचांनी ते असं शिकवलं की आता विसरणं शक्य नाही.

"आठ खलाशी हायत," ते म्हणायचे. "नंबर बाराच्या पुढे जात नाय, पण मधले चार दिसत नाय. चार नंबर, आठ, दहा, अकरा. ते कुठल्यातरी बंदराला उतरले आणि परत आलेच नाय." खरी गोष्ट अशी होती की आधी जीवनसत्त्वं म्हणून मोजलेले काही पदार्थ पुढे त्या यादीतून काढले गेले. तेही त्यांना माहीत होतं. पण ते सांगायला त्यांना मजा यायची नाही.

गोळ्यांवर त्यांचा राग नव्हता, गोळ्यांच्या भरवशावर जगणाऱ्यांवर होता. शेजारचे एक रिक्षावाले तोंड आलं की मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सचं पाकीट आणून खायचे. एकदा ते धावत आले. लघवी पिवळीजर्द झाली, कावीळ झाली म्हणून घाबरले होते. चाचांनी त्यांना ओट्यावर बसवलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "कावीळ नाय. दोन नंबरचा खलाशी हाय तो, पिवळा. तुझ्या अंगाला हवा तेवढा घेतला, बाकीचा बाहेर चालला. दोन दिवस गोळी थांबव, रंग जाईल. नाय गेला तर डॉक्टर गाठ. आणि तोंड पुन्हा आलं तर गोळीच्या आधी मला ताट दाखव."

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. चाची बुरोंडीला माहेरी गेल्या होत्या आणि ते ओट्यावर कुळीथ निवडत बसले होते.

ते तेव्हा चाळिशीच्या आत होते. त्यांच्या जहाजाची कंपनी बुडाली आणि जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. मालक फोन घेईना, बंदर आत घेईना. कधीतरी एक लाँच येऊन पाणी, तांदूळ, साखर आणि तेल टाकून जायची. भाजी संपली, डाळ संपली, मासळीचा गोठवलेला साठा संपला. चाचांनी तरीही एक वेळ चुकवली नाही. दोन्ही वेळा गरम भात, वर साखरेचा चहा.

"माझा भात बघायला लोक यायचे," ते म्हणाले. "सात पाण्यांनी धुवायचो. पाणी आरशासारखं होईपर्यंत. शिजला की पेज समुद्रात. दाणा न दाणा सुटा. मला लय अभिमान होता त्याचा."

तीन महिन्यांनी माणसांचे पाय सुजू लागले. पायात मुंग्या, पोटऱ्यांत दुखणं. इंजिनवर तेल घालणारा त्यांच्याच कोकणातला एक गडी एके सकाळी शिडी चढता चढता मध्येच बसला आणि त्याला उठता येईना. पोटभर जेवणारा माणूस, तरी तो धापा टाकत होता. शेवटी बंदराचा डॉक्टर लाँचमधून वर आला. त्यानं गड्याला बी-वनची सुई दिली, गोळ्या दिल्या. दोन दिवसांत तो गडी भिंतीला धरून उभा राहिला.

"मग डॉक्टरनं विचारलं, स्वयंपाक कोण करतो? मी पुढं झालो. मला वाटलं, शाबासकी देणार. एवढ्या हालात मी सगळ्यांना पोटभर घातलं होतं ना. त्यानं मूठभर तांदूळ हातावर घेतले आणि मला म्हणाला, ह्यात आता काही उरलेलं नाही. गिरणीनं थोडं नेलं आणि बाकीचं तू धुऊन टाकलंस."

हातातले कुळीथ चाचांनी उगीचच सुपात पुन्हा पसरले.

"तेव्हा मला कळलं बाय. पोटभर वेगळं आणि पुरेसं वेगळं."

त्यानंतर ते ज्या बंदराला उतरले तिथं आधी डॉक्टर गाठायचे, मग बाजार. सातवी शिकलेला माणूस मोडक्या इंग्रजीत विचारून विचारून शिकला. कुठल्या धान्यात काय, शिजवल्यानं काय जातं, कुणाला गोळी लागतेच. एका जाड वहीत त्यांनी ते साध्या मराठीत उतरवून ठेवलं होतं. त्यापुढच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातचं जेवणारा एकही माणूस पायानं अडला नाही, हे ते छाती पुढं काढून सांगत. मला आधी ती बढाई वाटली. नंतर वाटेनाशी झाली, त्याचं कारण माझी आई.

आई तेव्हा बदलत चालली होती. गॅस चालू ठेवून विसरायची. माझ्या भावाच्या मुलीचं नाव तिला आठवेना. जिभेची आणि पायांची आग होते म्हणायची, थंड फरशीवर पाय टेकून बसायची. चिडचिड तर इतकी की मी कचेरीतून घरी यायला घाबरत असे. कराडच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्त सुधारलं होतं, त्यामुळे आणखी शोधायचं कुणाच्या मनात आलं नाही. पुण्याचा माझा भाऊ व्हिडिओवर तिच्याशी बोलला आणि नंतर मला वेगळा फोन करून म्हणाला, "ताई, हे आता वाढतच जाणार. मी इथं एका संस्थेत चौकशी केली आहे. तिथं अशा लोकांची नीट काळजी घेतात." मी नाही म्हटलं नाही. मी थकले होते. पुढच्या महिन्यात तो न्यायला येणार असं ठरलंसुद्धा.

चाचांना यातलं काही माहीत नव्हतं. आई त्यांच्याशी फार बोलत नसे. ती माळकरी, ते सकाळी मासळी साफ करणारे. ती आपल्या दारात, ते आपल्या ओट्यावर. पण त्यांची नजर होती.

एका रविवारी सकाळी ते माझ्या दाराशी आले. हातात आईची एक चप्पल होती.

"ही आवारात पडली होती. ताई फुलं तोडून घरात गेल्या, एकाच चपलेवर. दुसरी पायातून निघाली ते त्यांना कळलं नाय."

"विसरते हो हल्ली ती," मी म्हणाले.

"विसरणं वेगळं. पायाला कळलं नाय, मी ते सांगतोय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि नळावर तोंड धुतात ना, डोळे मिटले की तोल जातो. भिंत धरतात. डोळे उघडले की ठीक. मी चार दिवस बघतोय. त्या दूध घेतात?"

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या आवडीचं काहीतरी सोडायचं म्हणून आईनं दूध सोडलं होतं. दूध, दही, ताक, तूप सगळंच. चहा कोरा. त्याला सात वर्षं होत आली होती.

"आणि साखरेची गोळी?"

"मधुमेह आहे तिला. बारा वर्षं चालू आहे."

चाचांनी चप्पल उंबऱ्याशी नीट ठेवली. "मासळी नाय, अंडं नाय, दूध नाय. वर ती गोळी, ती बारा नंबरला आत शिरू देत नाय. बाय, तुझी आई वेडी होत नाय. ती उपाशी हाय."

मला राग आला. माझ्या आईला मी उपाशी ठेवते, असं कुणीतरी दारात येऊन सांगत होतं. मी म्हटलं, "ती दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते."

"मीपण तेच म्हणायचो," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. गावातल्या एका डॉक्टरांकडे आईला नेलं. त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्याला एक कंप पावणारा चिमटा लावला आणि विचारलं, "काही जाणवतं?" आई म्हणाली, "तुम्ही लावलात कुठं अजून?" तो तर तिच्या पायावर टेकलेला होता. मी तोंड फिरवलं. रक्ताचा अहवाल आला तेव्हा बी-ट्वेल्व्ह इतकं खाली होतं की डॉक्टरांनी तो आकडा पेननं गोल केला. फॉलिक ॲसिडनं रक्त सावरलं, पण नसांचं दुखणं आत चालूच राहिलं, असं त्यांनी समजावलं. साखरेची गोळी सोडायची नाही, त्याबरोबर हे भरून काढायचं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला संशय कसा आला?"

"आमचे घरमालक म्हणाले."

"डॉक्टर आहेत?"

"बोटीवर भंडारी होते," मी म्हणाले. असं सांगताना माझी मान वर झालेली मला जाणवली.

लाल रंगाची इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. पंधरा दिवसांत आईच्या जिभेची आग थांबली. महिन्याभरात तिनं एका सकाळी मला विचारलं, "कचेरीत तुझ्या त्या साहेबांनी मागच्या वर्षी कबूल केलेली खुर्ची दिली का गं?" मी स्वतः ती खुर्ची विसरले होते. भावाला फोन करून सांगितलं, इतक्यात येऊ नकोस. त्याला पटलं नाही. आईनंच फोन हातातून घेतला आणि त्याला त्याच्या लहानपणच्या एका चोरीची तारखेसकट आठवण करून दिली. मग पटलं.

पायांना वेळ लागला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, उशीर झालाय, सगळं परत येईलच असं नाही. चाचांनी आवारातल्या पायवाटेवरचे सुटे दगड काढून ती सपाट केली आणि आई रोज सकाळी तिथं चालू लागली. ते ओट्यावरून बघत बसायचे. दूध पुन्हा सुरू कर, असं मी आईला सुचवलं तर ती नाही म्हणाली. मी चाचांना म्हटलं, तुम्ही सांगून बघा. ते म्हणाले, "नवऱ्यासाठी सोडलंय त्यांनी. त्यात मी कोण?"

यानंतर जे घडलं, त्यासाठी मी त्यांना काही दिवस माफ केलं नव्हतं.

इंजेक्शनांचा पहिला टप्पा संपल्यावर डॉक्टरांनी रोज घ्यायला कॅप्सूल लिहून दिल्या. मी पाकीट आणलं, आईनं ते ओट्यावर ठेवलं. चाचांनी चष्मा चढवला, पाकीट उलटसुलट केलं आणि माझ्याकडे न बघता थेट आईला म्हणाले, "ताई, आतलं औषध तुम्हाला चालेल. ते जंतूंपासून करतात, दही विरजतात ना, तशातला प्रकार. पण हे वरचं कवच जिलेटीनचं हाय. जनावराच्या हाडा-कातड्याचं. मीपण घेत नाय, कुठल्या जनावराचं ते लिहिलेलं नसतं म्हणून."

आईनं पाकीट बाजूला सरकवलं. ती घरात गेली आणि जेवली नाही. मग म्हणाली, "त्या सुयांतसुद्धा काय होतं कुणास ठाऊक. आता मला काही नको." दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तेच. महिन्याचं इंजेक्शन चार दिवसांवर आलं होतं.

मी चाचांसमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज चढला होता. "एवढं सगळं सुधारत होतं. तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? तिला कळलंही नसतं."

ते विळीवर बसले होते. उठले, हात धुतले.

"बाय, मी तीस वर्षं माणसांना जेवायला घातलं. हिंदू होते, मुसलमान होते, किरिस्ताव होते. पंचवीस माणसं डोळे मिटून माझ्या हातचं खायची. आपल्या ताटात काय वाढलंय ते त्यांना ठाऊक नसायचं, मला ठाऊक असायचं. त्यांच्यातल्या एकालाही मी फसवून घास घातला नाय. तुझ्या आईला आता घालू?"

मी तशीच परत आले.

त्या दुपारी ते जाळीची टोपी घालून बाहेर पडले ते संध्याकाळीच परतले. डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी कॅप्सूलऐवजी साधी गोळी लिहून घेतली होती. ती पहिल्या दोन मेडिकलमध्ये नव्हती, तिसऱ्यात मिळाली. तिथल्या औषधवाल्याला त्यांनी गोळीतला एक एक घटक वाचायला लावला होता आणि वहीच्या पानावर तो लिहून आणला होता. इंजेक्शनचीही तशीच चौकशी केली होती. ते पान त्यांनी आईसमोर ठेवलं.

"हे सगळं लिहिलंय. वाचा. नको वाटलं तर नका घेऊ."

आईनं पान हातात घेतलं. चष्मा शोधायला ती उठली नाही. पान तिनं चार घड्या करून बटव्यात ठेवलं, आणि मला म्हणाली, "पाणी आण."

नंतर मी तिला विचारलं, तू न वाचताच कशी घेतलीस? ती म्हणाली, "पहिल्या वेळी खरं बोलला तो माणूस. त्याचं नुकसान होतं त्यात, तू भांडलीस ना जाऊन? मग आता कशाला वाचू?"

त्यानंतर ती त्यांना भाऊ म्हणू लागली.

आईचा सुधारलेला स्वभाव हा माझ्यासाठी नवीनच त्रास होता. ती ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात जाऊ लागली आणि दोन महिन्यांत तिथल्या कार्यक्रमांत लक्ष घालू लागली. तिनं ठरवलं की मंडळात भाऊंचं भाषण ठेवायचं. चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक होते. ते संकोचून म्हणाले, "आहाराचा विषय आहे, एखादे डॉक्टर बोलावू. स्वयंपाक्यानं काय बोलायचं?"

"डॉक्टरांनाही बोलवा," आई म्हणाली. "ऐकायला."

आणि डॉक्टर खरंच आले, मागच्या रांगेत बसले. चाचा आले ते जहाजावरचा पांढरा कोट घालून. चाचींनी त्याला इतकी कडक इस्त्री केली होती की ते हात वाकवायला बिचकत होते. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. रविवारची सकाळ होती, खिडक्यांतून चांगला उजेड येत होता. चाचा मंचावरच्या खुर्चीत अवघडून बसले होते. एवढ्या लोकांसमोर ते कधी बोलले नव्हते.

त्यांची ओळख करून द्यायला चिटणीस उठले, पण आई त्यांच्या आधी उठली. मंचाला तीन पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. मी हात द्यायला पुढं झाले, तिनं मला नजरेनंच खाली बसवलं आणि एकटी वर गेली.

"हे आमचे घरमालक," ती ध्वनिक्षेपकापुढं म्हणाली. "बोटीवर भंडारी होते. मी मासे खात नाही, दूध घेत नाही, आणि यांनी मला एकदाही खा म्हटलं नाही. माझी पोरं मला म्हातारी झाली म्हणून सोडून देत होती. डॉक्टर रक्त बघून समाधानी होते. यांनी माझी चप्पल उचलली आणि माझं दुखणं ओळखलं. यांचं शिक्षण सातवी आहे. पुढचं यांना ऐका."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. चिटणीस वाजवत होते, मागच्या रांगेत डॉक्टर उभे राहून वाजवत होते. सोडून देत होती, हे तिनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं आणि ते खरं होतं, तरी मला लाज वाटायच्या ऐवजी त्या दोघांचा अभिमानच वाटत राहिला.

चाचांनी मात्र टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ते उठून उभे राहिले होते, पण बोलत नव्हते. लोकांना वाटलं, घाबरले. आई मंचावरून उतरत होती. खाली न बघता, समोर कुणाकडे तरी हसत, एक एक पायरी. चाचा वाकून तिच्या पावलांकडे बघत होते. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिचं पाऊल जमिनीला लागलं, तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"बघितलंत?" ते म्हणाले. "माझं अर्धं भाषण झालं."